नव्या टँकमध्ये मासे टप्प्याटप्प्याने कसे सोडायचे: ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांसाठी

टँकची सायकल पूर्ण झाली म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वसले. पण ते किती वसले, हे त्यांना आजवर किती अमोनिया मिळाला यावर ठरतं. चार माशांपुरते जिवाणू असलेल्या टँकमध्ये एकाच रविवारी वीस मासे सोडले, तर उरलेल्या सोळांचा अमोनिया तसाच पाण्यात राहतो. जिवाणू वाढतात, पण सावकाश, आणि ते वाढेपर्यंत माशांचे कल्ले जळतात. म्हणून मासे टप्प्याटप्प्याने सोडायचे. पुढचा टप्पा कधी, हे कॅलेंडरवरून ठरवू नका. टेस्ट किट काय म्हणतं ते बघा.

खालची सगळी गणितं २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १५ इंच उंच टँकची आहेत. दुकानात सगळ्यात जास्त खपणारं हेच माप. हिशेबाने त्यात ७० लिटर बसतं, पण खडे, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात ५५ ते ६० लिटर पाणी उरतं. औषधाचा किंवा अँटिक्लोरीनचा डोस मोजताना ६० लिटरच धरा.

सायकल खरंच पूर्ण झाली आहे का

दुकानदाराने दिलेली जिवाणूंची बाटली ओतली, आठ दिवस फिल्टर चालवला, पाणी काचेसारखं दिसतंय, यातलं काहीही पुरावा नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन असतात. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे मरतात ते यामुळेच.

खात्री करायचा सरळ मार्ग असा. टँकमध्ये २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया होईल इतकं शुद्ध अमोनियम क्लोराईड टाका. ६० लिटरला साधारण ०.४ ग्रॅम लागतं. एवढं बारीक वजन घरच्या काट्यावर होत नाही, म्हणून १० ग्रॅम पूड १ लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरून ठेवा आणि त्यातलं ४० मिली टँकमध्ये घाला. हाच नवसागर, पण कल्हईसाठी बाजारात मिळणारा नवसागर शुद्ध असेलच असं नाही. केमिकलच्या दुकानातून लॅब ग्रेडचा घ्या. २४ तासांनी टेस्ट करा. अमोनिया ० आणि नायट्राइटही ० आलं, तर सायकल पूर्ण. अमोनिया ० पण नायट्राइट दिसतंय, तर अर्धंच काम झालंय. अजून आठ-दहा दिवस थांबा.

या चाचणीत पास झालेला टँक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सक्षम असतो. ४० टक्के प्रथिनं असलेल्या १ ग्रॅम फूडमधून माशांमार्फत साधारण ३५ ते ४० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. ६० लिटरला २ पीपीएम म्हणजे १२० मिलिग्रॅम. म्हणजे हा फिल्टर दिवसाला ३ ग्रॅम फूडचा भार पेलू शकतो, आणि सहा झेब्रा डॅनिओ दिवसाला जेमतेम ०.१ ग्रॅम खातात. मग सगळे मासे एकदम का नाही सोडायचे? रसायनाच्या हिशेबाने चालेलही. पण एका आजारी माशाने सगळा टँक संपवायला वेळ लागत नाही. शिवाय नवशिक्याचा हात फूड टाकताना सैल असतो आणि कोणता मासा कोणाला त्रास देतोय हे पंधरा माशांच्या गर्दीत दिसत नाही. ज्यांनी अशी चाचणी केलीच नाही, म्हणजे बाटली ओतून किंवा चिमूटभर फूड कुजवून सायकल केली, त्यांच्यासाठी तर टप्पे सोडून दुसरा मार्गच नाही.

टेस्ट किट थेंबांचं घ्या. एपीआय कंपनीचं मास्टर किट ऑनलाइन मिळतं. पट्ट्या स्वस्त पडतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा रकानाच नसतो, आणि आपल्याला आधी तोच हवा. एपीआयच्या नायट्रेट टेस्टमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय वापरू नका. तळाशी बसलेली भुकटी मिसळली नाही तर आकडा खोटा आणि कमी येतो.

मासे आणायच्या आदल्या दिवशी

सायकल संपते तेव्हा नायट्रेट बहुतेक वेळा ८०-१०० च्या घरात असतं. ८० टक्के पाणी बदला म्हणजे ते २० च्या आसपास येईल. टँकमध्ये मासे नसताना एवढा मोठा बदल निर्धास्त करता येतो. काचेवर, स्पंजवर वसलेले जिवाणू पाण्याबरोबर जात नाहीत. मात्र स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने ते मरतात.

मासे या बदलानंतर एक-दोन दिवसांत यायला हवेत. काही कारणाने लांबलं, तर दर दोन-तीन दिवसांनी वरच्या द्रावणाचं २० मिली घालत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी राहून त्यांचं काम मंदावतं. मासे आणायच्या दिवशी अमोनिया ० असल्याची खात्री करूनच घराबाहेर पडा.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढायला दुकानात अँटिक्लोरीन म्हणून सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. १० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. १० लिटरच्या बादलीला त्यातलं १० मिली पुरतं. पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर २० मिली घाला. पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येतं तेव्हा शुद्धीकरणात क्लोरीनही जास्त लागू शकतो. त्या महिन्यांत जास्तीचाच डोस धरून चला.

नवशिक्यांना कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे सोसायटीची टाकी. सोसायटीत गच्चीवरची किंवा तळमजल्याची टाकी साफ होते, त्यानंतर पहिल्यांदा भरलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर उरलेली असू शकते. नोटीस बोर्डावर ‘टाकी सफाई’ दिसली की आदल्या दिवशीच दोन बादल्या पाणी भरून ठेवा आणि पुढचे दोन दिवस टँकचं पाणी बदलू नका.

तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं

माशांची निवड रंगावरून होते, पण मासे जगतात पाण्यावर. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी आहे, ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी मऊ असतं. टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेन, त्यात घातला की आकडा बहुधा शंभरीच्या आसपास दिसतो. पण घोडबंदर रोडच्या कित्येक संकुलांत, खारघर-उलव्याच्या काही भागांत उन्हाळ्यात टँकर येतात आणि बऱ्याच सोसायट्या बोअरवेलचं पाणी मिसळतात. तेव्हा हाच आकडा ४००-५०० च्या वर जातो. टीडीएस पेन काही फार महाग नाही. तो घ्या आणि प्रत्येक वेळी पाणी बदलण्याआधी बादलीत बुडवून बघा. आकडा अचानक दुप्पट-तिप्पट झाला असेल, तर त्या आठवड्यात ३० टक्क्यांऐवजी १० टक्केच पाणी बदला.

मऊ पाण्याची एक वेगळी अडचण आहे. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारी कार्बोनेटं, खातात. मऊ पाण्यात ती मुळातच कमी असतात. पाणी वेळेवर बदललं नाही तर केएच संपते आणि पीएच घसरतो. तो ६.५ च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात, ६ च्या खाली जवळजवळ थांबतात. अशा टँकमध्ये सगळं सुरळीत असताना अचानक अमोनिया दिसायला लागतो आणि माणूस फिल्टरला दोष देतो. उपाय सोपा आहे. जाळीच्या पिशवीत ५० ते १०० ग्रॅम प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा बांधून फिल्टरमध्ये ठेवा आणि दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला.

कोण आधी, कोण नंतर

नियम दोनच. काटक आणि कळपाने राहणारे आधी. आपली जागा राखणारे आणि नाजूक नंतर. जागा राखणारा मासा आधी सोडला तर तो सगळा टँक आपला समजतो आणि नंतर येणाऱ्यांना कोपऱ्यात दाबतो.

मऊ पाण्याच्या टँकसाठी ही एक योजना, जशीच्या तशी वापरता येईल अशी:

पहिला टप्पा: ६ झेब्रा डॅनिओ. मूळचा आपल्याच उपखंडातला मासा. २० अंशांपासून तिशीपर्यंतचं तापमान सोसतो. सहापेक्षा कमी घेतले तर ते एकमेकांनाच छळतात. उडी मारतात, म्हणून झाकण हवंच.

दुसरा टप्पा, किमान तीन आठवड्यांनी: ६ ब्राँझ कोरी. हे तळाशी चरतात. खडे टोकदार असतील तर त्यांच्या मिशा झिजतात, म्हणून तळाला वाळू किंवा गोटीसारखे गुळगुळीत बारीक खडे असले तरच आणा. ‘खाली पडलेलं उरलंसुरलं खातात’ यावर विसंबू नका. त्यांना बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या लागतात, त्याही दिवे मालवल्यावर, नाहीतर डॅनिओ फस्त करतात.

तिसरा टप्पा, आणखी तीन आठवड्यांनी: हनी गौरामी, १ नर आणि २ माद्या. दोन नर २ फुटांत भांडतात. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात दोन-तीन इंच जागा सोडा. वरच्या थरात दोन-चार तरंगत्या वनस्पती असतील तर तो मोकळेपणाने फिरतो.

इथे थांबा. पंधरा मासे झाले. टँक अर्धा रिकामा वाटेल, पण डॅनिओ पूर्ण वाढले की ४-५ सेंटीमीटरचे होतात, कोरी ६-७ सेंटीमीटरचे. एका गॅलनला एक इंच मासा हा जुना हिशेब विसरून जा. दहा इंची एक मासा आणि एक इंची दहा मासे यांची घाण सारखी नसते.

बोअरवेलचं किंवा कायम टँकरचं जड पाणी असेल तर गप्पी, प्लाटी, मोली हे घ्या. त्यांना जड पाणीच मानवतं. पहिल्या टप्प्यात ५-६ नर गप्पी, नुसते नर. माद्या मिसळल्या तर महिन्याभराने पिल्लं सुरू होतात आणि टप्प्यांचा सगळा हिशेब कोलमडतो. दुसऱ्या टप्प्यात ३ प्लाटी, तेही नुसते नर. मोली या मापाच्या टँकला मोठी पडते.

निऑन टेट्राबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं, कारण प्रत्येक नवशिक्याला तोच हवा असतो. निऑनला २२ ते २६ अंश मानवतात. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या टँकचं पाणी ३१-३२ ला जातं. नव्या टँकमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर आणलेले निऑन एकेक करून जातात. तोच निळा-लाल पट्टा हवा असेल तर कार्डिनल टेट्रा घ्या. तो २८-२९ पर्यंत निभावतो. पण तोही टँक चार-पाच महिने जुना झाल्यावर. ऑटोसिंक्लस हा काचेवरचं शेवाळ खाणारा छोटा मासाही तसाच. नव्या टँकमध्ये त्याच्या पोटापुरतं शेवाळच नसतं आणि तो उपासमारीने मरतो.

दुकानात काय बघायचं

ठाण्याहून असो की वाशीहून, बरेच जण माशांसाठी कुर्ल्याला जातात. मध्य आणि हार्बर दोन्ही मार्ग तिथे भेटतात आणि शोभिवंत माशांचा बाजारही तिथला जुना. घराजवळच्या दुकानात दर थोडा जास्त पडेल, पण मासा तिथे आठवडाभर राहिलेला असेल तर ते पैसे वसूल आहेत. पहिला प्रश्न हाच विचारा: माल कधी आला? कोलकाता-चेन्नईहून काल उतरलेला मासा दमलेला असतो. प्रवासाचा ताण घेतलेल्या माशांत आजार पहिल्या आठवड्यातच बाहेर पडतात. ते दुकानातच बाहेर पडू द्या. मासा आवडला असेल तर सांगून ठेवा आणि आठ दिवसांनी परत या.

टँकसमोर दोन मिनिटं नुसते उभे राहा. एक जरी मेलेला मासा दिसला तरी त्या टँकमधलं काही घेऊ नका. पर अंगाला चिकटवून बसलेला, पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकणारा, दगडाला अंग घासणारा, पोट आत गेलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला मासा नको. गप्पी घेताना मागच्या बाजूला, गुदद्वारापाशी, बारीक लाल धागे लोंबतायत का ते बघा. ते कॅमालॅनस नावाचे जंत असतात आणि एकदा टँकमध्ये शिरले की काढताना नाकी नऊ येतात. शेवटी दुकानदाराला थोडं फूड टाकायला सांगा. जो मासा खात नाही तो घ्यायचा नाही. कोणतं फूड देतात तेही विचारून तेच थोडं आणा, म्हणजे घरी पहिले दिवस सोपे जातात.

पॅकिंग करताना पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरायला सांगा. पिशवी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात किंवा थर्माकोलच्या पेटीत ठेवा. अंधारात मासे शांत राहतात आणि लोकलच्या गर्दीत पिशवीही फुटत नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा आणा.

घरी आणल्यावर

टँकचा दिवा बंद करा. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडा आणि टीडीएस पेनने पिशवीतलं आणि टँकमधलं पाणी मोजा.

दोन्हींत १०० पेक्षा कमी फरक असेल तर फार ताणू नका. पिशवीत दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी घाला, असं चार वेळा, आणि मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा. फरक जास्त असेल तर मासे पिशवीच्या पाण्यासकट स्वच्छ बादलीत ओता, एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टँकमधून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असं जोडा, आणि अर्ध्या-पाऊण तासात पाणी दुप्पट होऊ द्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. त्यात दुसऱ्याच्या टँकचे आजार असतात.

याला एक अपवाद आहे आणि तो न कळल्याने बरेच मासे जातात. कुरियरने आलेला, रात्रभर पिशवीत असलेला मासा असेल तर थेंब-थेंब पद्धत वापरू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. ३० अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की साधारण साडेसात भाग होतात. अशा पिशवीचं तापमान जुळवा, पिशवी उघडा, आणि मिनिटभरात मासे जाळीने टँकमध्ये घ्या.

त्या दिवशी फूड नाही. दिवा दुसऱ्या दिवशी लावा. नवे मासे झाडांमागे, फिल्टरमागे लपतात. काच ठोठावून त्यांना बाहेर काढू नका. लहान मुलांना आधीच समजावून ठेवा.

पहिले दोन आठवडे

अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी. आकडे फ्रिजवर कागद लावून लिहून ठेवा. पुढच्या टप्प्याचा निर्णय त्या कागदावरून करायचा. लागोपाठ दहा दिवस दोन्ही ०, सगळे मासे खातायत, अंगावर ठिपके नाहीत, एकही मेलेला नाही, असं असेल तर तीन आठवडे पूर्ण झाल्यावर पुढची खेप. मधे एखादा आकडा वर गेला तर त्या दिवसापासून मोजणी पुन्हा सुरू.

फूड दिवसातून एकदा. डॅनिओ मिनिट-दीड मिनिटात संपवतील एवढंच. चिमटीत जेवढं येतं त्याच्या अर्ध्यापासून सुरुवात करा. आठवड्यातून एक दिवस उपास. मासे काचेपाशी येऊन तोंड उघडतात म्हणजे ते भुकेले आहेत असं नाही. माणूस दिसला की ते तसंच करतात. नव्या टँकमधले मासे उपासाने क्वचित मरतात, जास्तीच्या फूडने मात्र नेहमी. घरातले दोघं-तिघं जण आपापल्या परीने फूड टाकत असतील तर आठवड्याच्या पुड्या करून ठेवा, एका दिवसाला एक पुडी.

आकडा वर गेलाच तर:

अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५: फूड दोन दिवस बंद, ३० टक्के पाणी बदला.

०.५ किंवा जास्त: त्याच दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट करून गरज असल्यास परत ५० टक्के. नव्या पाण्याचं तापमान टँकच्या पाण्याशी एक-दोन अंशांत जुळलेलं हवं आणि क्लोरीन काढलेला.

नायट्राइट असेल तर त्याबरोबर १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ६० लिटरला ६ ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून रक्त तपकिरी करतं आणि मासा ऑक्सिजन असूनही गुदमरतो. मिठातलं क्लोराइड त्याच वाटेवर आडवं येतं आणि नायट्राइटला आत शिरू देत नाही. एवढं मीठ कोरीलाही बाधत नाही.

मग कारण शोधा. मेलेला मासा कुठे दगडामागे अडकलाय का? खड्यांत फूड साचलंय का? फिल्टरचा प्रवाह कमी झालाय का? कोणी स्पंज नळाखाली धुतला का? पीएच ६ च्या खाली गेलाय का? बहुतेक वेळा उत्तर या पाचांतच सापडतं. स्पंज तुंबला असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोन-तीनदा पिळा. नवे मासे सोडल्याच्या आठवड्यात मात्र त्याला हात लावू नका.

वेगळा टब

दुसऱ्या टप्प्यापासून नवे मासे थेट मुख्य टँकमध्ये सोडू नयेत. २० लिटरचा खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, एक छोटा एअर पंप आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढं पुरतं. छोट्या फ्लॅटमध्ये तो स्वयंपाकघराच्या ओट्याखाली किंवा पलंगाशेजारी बसतो. बाल्कनीत ठेवाल तर ऊन येतं आणि पाणी तापतं.

सगळ्यात महत्त्वाचं: या टबाचा स्पंज फिल्टर पहिल्या दिवसापासून मुख्य टँकमध्ये चालवून ठेवा. तीन-चार आठवड्यांत त्यावर जिवाणू बसतात. दुसरी खेप आणायच्या दिवशी तो उचलून टबात घाला आणि टब मुख्य टँकच्याच पाण्याने भरा. मासे तिथे दोन ते तीन आठवडे ठेवा. एवढ्या लहान पाण्यात अमोनिया लवकर चढतो, म्हणून एक दिवसाआड टेस्ट आणि गरजेप्रमाणे अर्धं पाणी बदला.

पांढरे ठिपके दिसले तर तो इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा आजार आहे. आपल्याकडच्या २८-३० अंशांत त्याचं चक्र चार-पाच दिवसांत फिरतं, म्हणून उपचारही दहा दिवस तरी चालवावा लागतो. डॅनिओ, गप्पी, प्लाटी यांना दोन दिवसांत हळूहळू चढवत लिटरला २ ग्रॅम मीठ आणि भरपूर हवा. कोरीला एवढं मीठ सोसत नाही. त्याच्यासाठी इकचं तयार औषध लेबलवरच्या अर्ध्या डोसने सुरू करा. मिथिलीन ब्लू किंवा कोणतंही रंगीत औषध मुख्य टँकमध्ये ओतू नका. काही औषधं फिल्टरचे जिवाणू मारतात आणि सायकल परत पहिल्यापासून करावी लागते.

उन्हाळा, वीज आणि गणपती

मासे सोडायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवामान सौम्य, पाणी स्वच्छ, टँकर कमी. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची ऑक्सिजनची गरज वाढते. टँक ३० च्या वर जात असेल तर नवा टप्पा जूनपर्यंत पुढे ढकला, झाकण थोडं उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा लावा आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. पंख्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने तेवढा फरक पडत नाही. उघड्या जागेतून डॅनिओ उडी मारू नये म्हणून मच्छरदाणीची जाळी ताणून लावा.

वीज गेली की पहिली भीती ऑक्सिजनची. पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी एअर पंप कपाटात असू द्या. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये वीज दोन-तीन तासांपेक्षा जास्त गेली तर आतलं पाणी सडायला लागतं. ते पाणी टाकून, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून मगच सुरू करा. स्पंज फिल्टर आणि टॉप फिल्टरला हा धोका कमी.

गणपतीला कोकणात जाणार असाल तर त्याआधीचे तीन आठवडे एकही नवा मासा आणू नका. निरोगी, वाढलेले मासे पाच-सात दिवस फूडशिवाय व्यवस्थित राहतात. पाण्यात विरघळत राहणाऱ्या सुट्टीच्या वड्या टँकमध्ये ठेवू नका, त्याने पाणी बिघडतं. दहा-बारा दिवस लागणार असतील तर शेजाऱ्यांकडे दोन पुड्या द्या आणि उरलेलं फूड कपाटात कुलपात ठेवून जा. निघायच्या आदल्या दिवशी ३० टक्के पाणी बदला, स्पंजला हात लावू नका.

जे आणायचेच नाहीत

२ फुटांच्या टँकसाठी दुकानात आग्रहाने दिले जाणारे काही मासे आहेत. ‘काच साफ करतो’ म्हणून दिला जाणारा सकर दीड फुटांपर्यंत वाढतो आणि साफ करतो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पांढुरका-राखाडी चपळ मासा म्हणजे पंगास, जो खाण्यासाठी तळ्यांत वाढवतात आणि मीटरभर होतो. ऑस्कर आणि गोल्डफिश लहान असताना मोहक दिसतात, पण दोघांनाही मोठा टँक आणि जबरदस्त फिल्टर लागतो. गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगांचे विडो टेट्रा दिसले तर रंग नैसर्गिक आहे का ते विचारा. बऱ्याचदा ते रंगवलेले असतात. रंग काही महिन्यांत उतरतो आणि त्या प्रक्रियेत मासे अशक्त होतात.

असा मासा आधीच घरात आला असेल आणि आता मावत नसेल, तर दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो. पैसे नाही दिले तरी त्याला आपल्या टँकमध्ये जागा देतो. मासुंदा तलावात, उपवनला किंवा सोसायटीजवळच्या नाल्यात तो सोडू नका. सकर आपल्याकडच्या कित्येक नद्या-तलावांत असाच पोहोचला. त्याच्या काटेरी, कडक अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि एकदा पसरला की त्याला काढायचा मार्ग उरत नाही. गप्पीची किंवा प्लाटीची जास्तीची पिल्लंही दुकानालाच द्या. महिन्याला दहा-पंधरा पिल्लं घेऊन त्या बदल्यात फूडचं पाकीट देणारे दुकानदार असतात. पहिल्या खरेदीच्या वेळीच तसं विचारून ठेवा.